चालीवरची कविता

गेल्या मार्गशीर्षात एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नास आम्ही गेलो होतो. पंगती उठल्या होत्या, मंडळी विडे घेऊन कार्यालयाच्या ओसरीवर ऐसपैस बसली होती, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे बोलणे अशा वेळी ज्या वळणावर जाते त्याच वळणावर तेथेही गेले. प्रथम हल्लीच्या शाळांची निंदा झाली, मग आपापल्या गुरुजींची स्तुती झाली, आणि शेवटी एका गृहस्थांनी ग. ह. पाटील यांची फुलपाखरावरील कविता म्हणावयास आरंभ केला. पहिले कडवे संपते न संपते तोच दुसरे एक गृहस्थ हात वर करून म्हणाले, "छे हो, ही चालच नव्हे!" पहिले गृहस्थ सातारा जिल्ह्यातले, बँकेत अधिकारी, दुसरे अकोल्याकडचे, पाटबंधारे खात्यातले. दोघांनीही आळीपाळीने तीच कविता म्हणून दाखविली. शब्द तेच, क्रम तोच; परंतु चाली दोन, आणि त्यांचे एकमेकींशी दूरचेही नाते नव्हते. "आमच्या गुरुजींनी हीच शिकविली" हा दोघांचाही पुरावा होता, आणि तो दोघांच्याही मते निर्णायक होता. इतक्यात पलीकडे बसलेल्या एका बाईंनी हसत हसत तिसरीच चाल लावली. वाद बराच रंगला. खरी चाल कोणती याचा निकाल अर्थातच लागला नाही. परंतु घरी परतताना आमच्या ध्यानात आले की अर्धा तास चाललेल्या या वादात त्या कवितेविषयी कोणी एक अक्षरही बोलले नव्हते.

हा प्रसंग केवळ गंमत म्हणून आम्ही सांगत नाही. प्राथमिक शाळेतील गाण्यांविषयी गहिवरून बोलण्याची आपल्याकडे आता एक रीतच पडून गेली आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतील पानांची छायाचित्रे या फोनवरून त्या फोनवर फिरत असतात, आणि त्यांच्याखाली "अशा कविता आता होत नाहीत" असा अभिप्राय बहुधा ठरलेला असतो. आम्हीही असे अभिप्राय दिलेले आहेत. परंतु ज्यांना टीकेचा थोडाफार व्यवसाय आहे त्यांस केव्हा तरी हे विचारणे प्राप्तच आहे की, हे जे प्रेम आपण करतो ते नक्की कशावर? कवितेवर, तिच्या चालीवर, की ती म्हणत असताना आपण जे होतो त्या आपल्यावरच? या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळून गेल्या आहेत की पहिलीचे श्रेय तिसरीस आणि तिसरीचे पहिलीस बेलाशक दिले जाते. त्या वेगळ्या करून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एका साध्या क्रियापदाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. मराठीत आपण कविता 'म्हणतो'. गाणेही 'म्हणतो', आरतीही 'म्हणतो', आणि पाढेही 'म्हणतो'. वाचणे निराळे, गाणे निराळे. पण म्हणणे या दोहोंच्या मधले आहे, आणि मराठी मुलाचा कवितेशी पहिला परिचय होतो तो या मधल्या मुलखात. ज्याला गळा नाही तोही म्हणू शकतो, आणि ज्याला अजून वाचता येत नाही तोही म्हणू शकतो. आम्ही पुढे इंग्रजीचे अध्यापक झालो व कविता डोळ्यांनी वाचावयास शिकलो. वर्गात ती शिकविताना छापील पानावर बोट ठेवून शिकविली. त्या शिक्षणाचे मोल आम्ही कमी समजत नाही. परंतु त्यापूर्वी पाच वर्षे आम्ही कविता केवळ म्हटल्या होत्या, आणि आज पाहतो तो डोळ्यांनी वाचलेल्या कवितांपैकी निम्म्याअधिक पुसल्या गेल्या आहेत, म्हटलेल्यांपैकी मात्र फारच थोड्या.

दुसरा शब्द 'चाल'. ज्या शब्दाने आपण पावलांची गती सांगतो त्याच शब्दाने गाण्याचा सूरही सांगतो. हे केवळ योगायोगाने झाले असेल असे आम्हांस वाटत नाही, कारण आपल्या वृत्तांच्या नावांतही हीच कल्पना आहे. भुजंगप्रयात म्हणजे सापाचे चालणे. एक लघु आणि दोन गुरू, असे चार वेळा. बारा अक्षरांचा चरण खरोखरच वळसे घेत पुढे सरकतो. समर्थांचे मनाचे श्लोक, सगळे दोनशे पाच, याच वृत्तात आहेत. ज्याने त्यांतील एक श्लोक चालीवर म्हटला त्याला उरलेल्या दोनशे चार श्लोकांची चाल कोणी शिकवावी लागत नाही. एवढेच नव्हे, तर उद्या कोणी त्या वृत्तात नवी कविता लिहिली तर तीही तो पाहिल्याबरोबर म्हणू शकतो. श्लोक, आर्या, ओवी, अभंग, साकी, दिंडी, या प्रत्येकीला आपली ठरलेली म्हणण्याची पद्धत होती. त्यामुळे जुन्या काळी कवितेला संगीतकार लागत नसे. कवीने वृत्त निवडले की चाल आपोआप निवडली जाई, आणि ती महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र ओळखीची असे.

पंतोजींच्या शाळेत तर गणितसुद्धा चालीवरच होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी ही सारी अपूर्णांकांची विद्या मुलांच्या गळ्यातून उतरून मग डोक्यात जाई. 1957 साली दशमान नाणी आली, त्यामागोमाग मेट्रिक वजनेमापे आली, आणि आणे-पैचा हिशेब ज्या पाढ्यांवर उभा होता ते पाढे निरुपयोगी ठरले. आमच्या वडिलांना औटकी शेवटपर्यंत येत असे. तिचा व्यवहारात काडीचाही उपयोग उरला नव्हता. तरी वार्धक्यात झोप येईना म्हणजे ते ती पुटपुटत असत. आम्हांस त्या वेळी याचे हसू येई. आज येत नाही.

शाळेतील चाली आल्या कोठून, हे पाहण्यासारखे आहे. काही कीर्तनातून आल्या, काही घरच्या देवघरातून आल्या, आणि काही रंगभूमीवरून. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' आणि 1882 साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्या नाटकात शिरल्या, आणि नाटक पाहून परतलेल्या शिक्षकांबरोबर त्या पुन्हा वर्गात आल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकण्यात कमीपणा नाही ही समजूत हळूहळू रुजविली. त्या काळी खेड्यातल्या शिक्षकापाशी बाजाची पेटी असेलच असे नव्हते; पण कान होता, आणि गावात भजनी मंडळ होते.

पुढे कवितेचे रूप पालटले. दत्त कवी, रेव्हरंड टिळक, बालकवी यांच्या हातून मुलांसाठी, अथवा मुलांनाही आवडेल अशी, नवी कविता आली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने ती घरोघरी पोहोचविली. या कवितेने अक्षरगणवृत्तांचे कडक बंधन पुष्कळसे टाकले आणि मात्रांच्या हिशेबाने चालणाऱ्या मोकळ्या रचना पत्करल्या. येथेच आमच्या लग्नमंडपातल्या वादाचे मूळ आहे. भुजंगप्रयाताची चाल ठरलेली होती. पण नव्या रचनेची चाल कोणी ठरवावी? पुस्तकात स्वर छापलेले नसत. 1967 साली पुण्यास 'बालभारती'ची स्थापना झाली आणि महाराष्ट्रभर एकच पुस्तक मुलांच्या हाती पडू लागले. परंतु पुस्तक एक झाले तरी चाल एक झाली नाही. ती वर्गावरच्या शिक्षकाने बांधावयाची होती, आणि तो ती आपल्याला जे ठाऊक होते त्यातून बांधी. कोणी गावच्या भजनाची उचली, कोणी तमाशातल्या लावणीची थोडी सोज्वळ करून घेई, कोणी नुकत्याच ऐकलेल्या चित्रपटगीताची उसनी आणी. सातारा जिल्ह्यातली चाल आणि अकोल्याकडची चाल भिन्न असावी यात काहीच नवल नाही. नवल असलेच तर हे की, हजारो अनाम शिक्षकांनी हजारो चाली बांधल्या आणि त्यांतली एकही आपल्या नावावर लावून घेतली नाही. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत कवींची चरित्रे आहेत. या चाली बांधणारांविषयी एक ओळही आमच्या पाहण्यात नाही.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह आला. 1953 साली 'देवबाप्पा' हा चित्रपट निघाला. त्यातले मोराचे गाणे ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायिले. त्या गाण्याची चाल सातारा, अकोला, गोवे, बडोदे सर्वत्र एकच आहे, आणि लग्नमंडपात तिच्यावरून भांडण होणे शक्य नाही. ते गाणे उत्तम आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु त्यात एक गोष्ट बदलली, ती नमूद केली पाहिजे. आता चाल मुलांच्या गळ्यातून निघून गळ्यातच राहत नव्हती. ती एका तबकडीवर होती, आणि तिच्याशी ताडून पाहिले असता मुलाचे म्हणणे चूक ठरू शकत होते. गुरुजींची चाल चुकत नसे, कारण दुसरे प्रमाण नव्हते.

आता कवितांकडे वळू. आम्ही एक साधी कसोटी लावून पाहिली. लहानपणीच्या पंधरा-वीस कविता चाल सोडून, जणू एखाद्या अपरिचित कवीच्या संग्रहात प्रथमच भेटत आहेत अशा भावनेने, मनात वाचून पाहिल्या. हे करणे दिसते तितके सोपे नाही. चाल दाराबाहेर घालविली तरी खिडकीतून आत येते. तथापि दोन-चार दिवसांच्या सरावाने थोडेफार साधले, आणि त्या कवितांचे तीन वर्ग पडले.

पहिल्या वर्गातल्या कविता चाल काढून घेताच कोसळल्या. यांत बहुतेक उपदेशाच्या होत्या: वेळेवर उठावे, खरे बोलावे, मुंगीकडून उद्योग शिकावा. यमकासाठी ओढून आणलेले शब्द, मात्रा भरण्यासाठी घातलेले 'तो', 'हा' आणि 'बरे', आणि शेवटी तात्पर्य. इतकी वर्षे आम्ही यांना कविता समजत होतो, याचे श्रेय आमच्या गुरुजींच्या कानाला आहे, कवीला नाही. दुसऱ्या वर्गातल्या कविता उभ्या राहिल्या. फुलपाखराची कविताच घ्या. तिच्यात तात्पर्य नाही. मूल वेलीवरच्या फुलपाखराकडे पाहते, त्याचे पंख पाहते, डोळे पाहते, आणि शेवटी हात पुढे करते. तेव्हा ते दूर उडून जाते. एवढेच. पाहणे आणि धरणे यांतला भेद, जो शिकविण्यास तत्त्वज्ञांना ग्रंथ लागतात, तो येथे सात वर्षांच्या मुलाच्या हाताच्या एका हालचालीत आला आहे. आणि कवी त्यावर एक शब्दही अधिक बोलत नाही. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (1961) या संग्रहातील कवितांचेही असेच आहे. त्यांतली प्राण्यांची तऱ्हेवाईक दुनिया मुलाच्या तर्काने चालते, मोठ्यांच्या शिकवणुकीने नव्हे.

तिसरा वर्ग आम्हांस अनपेक्षित होता. चाल काढली असता त्यातल्या कविता पडल्या नाहीत, पण लंगडू लागल्या. माडगूळकरांचे, मामाच्या गावी नेणाऱ्या आगगाडीचे गाणे हे त्याचे उत्तम उदाहरण. ते डोळ्यांनी वाचणे म्हणजे उभ्या गाडीत बसून प्रवास केल्यासारखे आहे. तेथे शब्दांचा अर्थ हा गाडीतला उतारू आहे. गाडी म्हणजे ताल. वर्गातली चाळीस मुले बाक हलवीत ते म्हणतात तेव्हाच ते गाणे पुरे होते. अशा रचनेस 'केवळ ताल' म्हणून नाके मुरडणे ही आमच्यासारख्या पुस्तकी अध्यापकांची खोड आहे, आणि ऐन उमेदीत ती आम्हांसही होती. आज आमचे मत असे झाले आहे की चाल ही तेथे कवितेवर घातलेला अलंकार नसून कवितेचे अर्धे अंग आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चालीवर म्हणण्याने अर्थाकडे दुर्लक्ष होते. मुले शब्द भलत्या ठिकाणी तोडतात, ऱ्हस्वाचे दीर्घ करतात, न कळलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसवितात. आम्ही स्वतः एका प्रार्थनेतला एक संस्कृत शब्द चौथीपर्यंत आमच्या गल्लीतल्या एका वाण्याचे आडनाव समजत होतो, आणि देवाच्या प्रार्थनेत त्याचे काय काम असा प्रश्न आम्हांस कधी पडला नाही. तरीही आम्ही या पाठांतराच्या बाजूने एक साक्ष देऊ इच्छितो. मनाचे श्लोक आम्ही सहाव्या वर्षापासून संध्याकाळी दिव्यापुढे बसून म्हटले. त्यांत देहाच्या नश्वरतेविषयी जे आहे ते सहा वर्षांच्या पोराला काय कळणार? काहीच कळले नाही. पुढे बेचाळिसाव्या वर्षी वडील गेले. दहाव्या दिवशी नदीकाठी बसलो असता कोणीही न बोलाविता एक श्लोक आपल्या जुन्या चालीने मनात सुरू झाला, आणि छत्तीस वर्षे न उघडलेले ते पाकीट तेथे उघडले. कळल्यावरच पाठ करावे हा नियम लावला असता तर त्या दिवशी आमच्यापाशी पाकीटच नसते.

येथपर्यंत आम्ही जुन्या पद्धतीची वकिली केली. आता ज्या गोष्टी लग्नमंडपातल्या गोड गप्पांत कधी येत नाहीत त्या सांगितल्या पाहिजेत. चाल चुकली की हातावर छडी बसे. धाकटे भावंड कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत येणाऱ्या, आणि दाराबाहेरूनच आमची गाणी ऐकून परत जाणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. ज्यांच्या घरची बोली पुस्तकातली नव्हती त्या मुलांनी आपली गाणी शाळेच्या वेशीवर ठेवूनच आत यावे असा अलिखित दंडक होता. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली, ती हा दंडक मोडण्यासाठीच, असे आम्ही समजतो. आणि दैवाचा न्याय पाहा: आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी शाळेचे तोंड कधी पाहिले नाही, जात्यावर आणि शेतात त्या आपल्या बोलीत गाणी रचीत गेल्या. ती 1952 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, आणि नंतरच्या पिढ्यांनी ती पाठ्यपुस्तकांतून पाठ केली. दाराबाहेर राहिलेले गाणे अखेर फळ्यासमोर येऊन उभे राहिले. परंतु ज्यांची गाणी कोणी उतरून घेतली नाहीत अशा बहिणाबाई किती असतील, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आमची स्वतःचीही एक लहानशी गोष्ट आहे. ती आजवर आम्ही कोठे लिहिली नाही. तिसरीत असताना शाळेची तपासणी होणार होती. साहेबांपुढे म्हणावयाची प्रार्थना आणि एक समूहगीत गुरुजींनी बसविले. तालमीच्या तिसऱ्या दिवशी ते रांगांतून कान देत देत फिरले, आमच्यापाशी थांबले, आणि आम्हांस व आणखी दोघांस मागच्या रांगेत नेऊन उभे केले. "तुम्ही नुसते ओठ हलवायचे," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. गाणे चांगले व्हावे एवढीच त्यांची इच्छा होती, आणि आमचा सूर खरोखरच बरा नव्हता. तपासणी झाली, साहेबांनी शाबासकी दिली. परंतु ती आज्ञा मागे घेण्याचे गुरुजींच्या ध्यानात राहिले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. पुढे दीड वर्ष, शाळा सोडीपर्यंत, आम्ही रोज सकाळी प्रार्थनेस ओठ हलवीत उभे राहिलो. घरी आईने "शाळेत काय म्हटले आज?" असे विचारले की आम्ही खोटे सांगत असू.

चमत्कार असा की, त्या दीड वर्षातली गाणी आम्हांस सर्वांत अधिक पाठ आहेत. म्हणणाऱ्या मुलाचे लक्ष आपल्या म्हणण्यात असते. आम्ही मात्र चाळीस जणांचे ऐकत होतो. कोणाचा आवाज कोठे चिरकतो, कोण कोणत्या शब्दाला श्वास घेतो, कोण नेहमी अर्धा मात्रा पुढे धावतो, हे सारे आजही आमच्या कानांत आहे. त्या आवाजांची माणसे कोठकोठे विखुरली. काही या जगातही नाहीत. ती गाणी आठवली की आम्हांस जे भरून येते त्यात कवितेचा भाग किती, चालीचा किती, याचा हिशेब आम्ही वर मांडला. परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मोठा भाग तिसऱ्याच गोष्टीचा आहे. ज्या एका आवाजात आमचा आवाज असावयास हवा होता आणि नव्हता, त्या आवाजाची ती ओढ आहे. लग्नमंडपातले दोघे गृहस्थ भांडत होते ते याच आवाजासाठी. प्रत्येकाला आपला वर्ग ऐकू येत होता, आणि दुसऱ्याच्या चालीत तो कोठेच सापडत नव्हता.

हे मान्य केले म्हणजे "जुन्या कविता पुस्तकांत परत आणा" या मागणीचे खरे स्वरूप कळते. पहिल्या वर्गातल्या उपदेशपर कविता परत आणून काहीही साधणार नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातल्या ज्या आहेत त्या अवश्य राहाव्यात, आणि त्यांच्या शेजारी आजच्या कवींनी लिहिलेल्या त्याच तोलाच्या कविता याव्यात. परंतु जे गेले म्हणून आपण हळहळतो ते पुस्तकात कधी नव्हतेच. ते चाळीस मुलांनी एका वेळी, वाद्याच्या आधाराशिवाय, बरेवाईट जसे येईल तसे म्हणण्यात होते.

गेल्या श्रावणात काही कामानिमित्त आम्ही त्या गावी गेलो असता सकाळी शाळेवरून चाललो होतो. परिपाठाची वेळ होती. जुनी कौले जाऊन वर पत्रे आले आहेत, भिंतींवर सुंदर चित्रे आहेत, मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची दिसली, आणि छडी कोणाच्या हाती नव्हती. हे सर्व पाहून आम्हांस खरोखर समाधान वाटले. बाईंनी आम्हांस अगत्याने आत बोलाविले. मुले हात जोडून रांगेत उभी राहिली, बाईंनी फोन ध्वनिक्षेपकास जोडला, आणि एका कसलेल्या गायिकेच्या आवाजात, वाद्यवृंदासह, प्रार्थना सुरू झाली. सूर निर्दोष होता. मुले शिस्तीने उभी होती. आम्ही जरा पुढे होऊन त्यांच्या तोंडांकडे पाहिले. ती सर्व ओठ हलवीत होती.

त्या बाईंना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावयाचे, त्यांत रोज नवी चाल बसवावी ही अपेक्षा कठोर आहे, आणि आम्हांस मागच्या रांगेत उभे करणाऱ्या गुरुजींसारखीच गाणे चांगले व्हावे एवढीच त्यांचीही इच्छा असणार. एका शाळेवरून सगळ्या शाळांविषयी अनुमान काढणे हेही तर्कास धरून नाही. परंतु तेथे उभे असता आम्हांस आमच्या लेखाचा विषय प्रथमच स्पष्ट दिसला. आमच्या वेळी तिघे मागच्या रांगेत होते. येथे संपूर्ण शाळाच मागच्या रांगेत होती. लहानपणीच्या गाण्यांवर प्रेम करणाऱ्यांनी मागावयाचे असेल तर एवढेच मागावे की मुलांना बेसूर म्हणण्याचा हक्क असावा. उत्तम गाणे ऐकण्यास आयुष्य पडले आहे; वाईट गाणे सर्वांनी मिळून म्हणण्याची संधी त्या चार-पाच वर्षांतच मिळते.

दुसरे कडवे चालू असता वीज गेली. गायिकेचा आवाज एका शब्दाच्या मध्यावर तुटला. क्षणभर अगदी शांत झाले. बाई वायरीकडे धावल्या. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने तुटलेला शब्द पुरा केला आणि ती पुढे म्हणू लागली. तिच्यामागून चार जणी, मग एक मुलगा, आणि कडवे संपण्यापूर्वी सारी रांग. सूर लगेच खाली उतरला, ताल दोन ठिकाणी फाटला, कोणी तरी अर्धा मात्रा पुढे धावत होता. बाईंनी वायर खाली ठेवली आणि त्याही म्हणू लागल्या.

प्रार्थना तीच होती, आमच्या वेळची. आम्ही मागे भिंतीशी उभे होतो, आणि जुन्या सवयीने आमचे ओठ हलू लागले होते. मग आम्ही आवाज काढला. जवळच्या एका मुलाने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि तो हसला. सूर अर्थातच चुकला होता.